टाकीसाठी वेगळा माल

मनकर्णाअक्कानं पिशवीतून नळीची दोन वेटोळी काढली आणि धाकट्या भावाच्या, सुग्रीवच्या टेबलावर ठेवली. एक शेतातून उपटून आणलेलं, जागोजागी चिरलेलं. दुसरं कोरं, पडवीत शिल्लक राहिलेलं. कडा गावाहून केजपर्यंत एसट्या बदलत आली होती बाई, पण पाणीसुद्धा मागितलं नाही.

"तू म्हनलास दहा वर्सं. दोन उन्हाळे न्हाई निघाले. लिंबोणी वाळायलीय माजी."

सुग्रीवला वाटलं, हिनंच वेडंवाकडं वापरलं असणार. ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात अकरा वर्षं तो एकच काम करत होता. नळीचे तुकडे गरम पाण्याच्या टाकीत बुडवायचे, दर सोमवारी एक काढून यंत्रावर ओढायचा आणि तुटेपर्यंत किती ताणला ते लिहायचं. टाकीतला एक आठवडा म्हणजे शेतातलं एक वर्ष. हे ताणलं जाणं ज्या गतीनं कमी होतं, त्यावरून नळीचं आयुष्य सांगायचं आणि खाली सही करायची. माणूस असा, की टाकीचं पाणी जरा निवलं तरी जेवणावरून उठायचा!

तुकडे मात्र तो स्वतः कापत नसे. ते बजरंग आणून द्यायचा. बजरंग म्हणजे एका ताटात जेवलेला मित्र. सुग्रीवनंच मालकाच्या हातापाया पडून त्याला कामाला लावलेलं. त्याच्यावर काय म्हणून संशय घ्यायचा?

अक्काच्या कोऱ्या नळीचे तुकडे त्यानं बजरंगच्या तुकड्यांशेजारी त्याच टाकीत सोडले. तिसऱ्या सोमवारी अक्काचा तुकडा यंत्रावर चढवला न चढवला तोच वाळल्या काडीसारखा मोडला. शेजारचा हातभर ताणला. कारखान्याची छाप दोन्हींवर एकच.

बजरंगला त्यानं चहाच्या गाड्यावर गाठलं. आधी उडवाउडवी झाली, मग तो खाली बघत बोलला. बाजारात जाणाऱ्या मालात निम्मा भंगार प्लास्टिकचा भुगा. टाकीसाठी मात्र महिन्यातून एकदा चोख माल वेगळा काढायचा. आठ वर्षं हेच चाललेलं.

"मला कावून न्हाई सांगितलं बे?"

"सांगितलं असतं तर तू सही केली असती का? तू खोटं लिहीत न्हाईस, समद्या तालुक्याला म्हाईत हाय. म्हनून तर मालकानं तुला टाकीवर ठिवलं."

चोरानं चोरी केली याचं सुग्रीवला एवढं दुःख नव्हतं. मेल्यांनी त्याच्या इमानाचाच धंदा मांडला होता, आणि तोही जिवाभावाच्या माणसाच्या हातून. आठ वर्षं तो जी नळी तपासत होता, ती कुणाच्याच शेतात गेली नव्हती.

तो तडक कड्याला, अक्काच्या शेतात गेला. अक्का घागरीनं एकेका झाडाला पाणी घालत होती. त्यानं काहीही न लपवता सगळं सांगितलं. तिनं घागर खाली ठेवली.

"मला सांगितलंस. आता राधाकिशनला सांग. त्यानं माज्या शब्दावर नळी घेतली, मी तुज्या."

दोघं बांधावरून शेजारच्या राधाकिशनच्या शेतात गेली. औंदाच अंथरलेली त्याची नळी उन्हात काळीभोर चमकत होती. त्यानं लांबूनच ओळखलं, लगबगीनं बाज टाकली, वर गोधडी अंथरली आणि कारखान्याचे साहेब आलेत म्हणून बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

"बसा की साहेब."

सुग्रीव बसला नाही.

"चहा राहू द्या," तो म्हणाला. "आदी ऐकून घ्या. तुमच्या नळीच्या कागदावरची सही माजी हाय."