घरचा शर्ट

दुपारची भांडी आवरून ती जरा टेकली होती, तेवढ्यात दारात गाडी थांबली. तिच्या नवऱ्याला दोघांनी धरून उतरवलं. उजव्या हाताला गुंडाळलेलं फडकं लालभडक झालेलं. मागून तिचा थोरला भाऊ उतरला. पत्रे कापायच्या कारखान्यात तो फोरमन. मेव्हण्याला तिथे त्यानेच चिकटवलं होतं.

"आधी घरचा शर्ट आण," भाऊ म्हणाला.

"अरे दादा, दवाखान्यात न्यायचं सोडून शर्ट कसला?"

"कारखान्याच्या कपड्यांत नेलं तर चौकशी लागते मागे. दारात हात सापडला म्हणायचं. सगळे तसंच म्हणतात."

खरंच, सगळे तसंच म्हणत. त्या कारखान्यात म्हणे कधी अपघातच झाला नाही. फाटकावर तशी पाटीच रंगवलेली होती! कामगारांच्या वस्तीतली दारं-खिडक्या मात्र माणसांची बोटं खात सुटली होती. काय मेली दारं तरी!

"दे गं शर्ट," नवरा कण्हत म्हणाला. "तुझ्या दादाला अडचण नको."

आणि तिने दिला. जखमी हात बाहीतून हळूच काढला, बटणं स्वतः लावली. ते गेल्यावर कारखान्याचा रक्ताळलेला शर्ट घासून घासून धुतला, वाळत घातला. तो बरा झाला की कामावर घालायला स्वच्छ नको का?

भावाच्या ओळखीच्या डॉक्टरने टाके घालून घरी पाठवलं. पण हात सुजला, काळवंडला, वास मारू लागला. घाबरून तिने नवऱ्याला मोठ्या दवाखान्यात नेलं.

"दाराने असं चिरत नाही," तिथली डॉक्टरीण म्हणाली. "खरं सांगा."

नवऱ्याने मान खाली घातली. "मशीनमध्ये गेला हो," तीच बोलली.

"मग त्याच दिवशी इथे का नाही आणलंत? कामावरच्या जखमेचे सगळे उपचार विम्यातून होतात. तुटलेल्या शिरा तेव्हाच जोडल्या असत्या! आता हात राहील, बोटांचं सांगता येत नाही. ऑपरेशन करून बघू. पण कामावर लागलं, असं कारखान्याने विम्याच्या ऑफिसला कळवायला हवं."

ती धावत कारखान्यात गेली. मॅनेजरने फोरमनलाच बोलावलं.

"दारात सापडला, साहेब," भाऊ म्हणाला.

"दादा, माझ्याकडे बघून सांग."

त्याने बघितलं नाही. फाटकापर्यंत मागे येऊन पुटपुटला, "मलाही पोरंबाळं आहेत गं. मी तरी काय करू?"

तिने काय दाखवावं? रक्ताचा शर्ट तिनेच धुतला होता. विम्याविना पैसे जमेनात; ऑपरेशन आज होईल, उद्या होईल म्हणत राहिलं ते राहिलंच. नवऱ्याची बोटं आखडली. आता त्याची बटणं रोज तीच लावते. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि तिला रडूही येत नाही.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी शेजारीण धापा टाकत दारात आली. "वहिनी, यांचा हात कापलाय! तुमचे दादा घरचा शर्ट मागतायत. कुठला देऊ हो?"

ती तशीच उठून शेजारच्या घरी धावली. "दादा, शर्ट बदलू नको! आहे तसा मोठ्या दवाखान्यात ने."

"तू मध्ये पडू नकोस," भाऊ खेकसला.

"पडणार! माझ्या हातांनी मी नवऱ्याची बोटं घालवली, दादा. आणखी कुणाची घालवू देणार नाही."

शेजारणीचा जखमी नवराच रडकुंडीला आला. "नोकरी जाईल हो वहिनी. तिला शर्ट देऊ द्या." आणि तो चांगल्या हाताने स्वतःच गळ्याजवळचं बटण सोडू लागला.

तिचा नवरा मागोमाग आला होता. तो पुढे झाला आणि त्याने आपला आखडलेला हात त्या माणसासमोर धरला.

बटणावरची बोटं थांबली. भाऊ शर्टासाठी हात पसरून तसाच उभा होता. शेजारणीने हातातला घरचा शर्ट छातीशी घट्ट धरला.