दोन चमचे तूप

जरा तुमचा उजवा हात पुढे करा. तळवा वर, बोटं थोडी आत वळलेली, नळाचं पाणी पिताना करता तशी. आता समजा की त्या तळव्यात कोमट पेज आहे. भात भरपूर पाण्यात शिजवून घोटला की जे पातळ, पांढरं होतं ती पेज. समोर गोधडीवर तुमचा कुत्रा पडला आहे. तुमचाच. तो पिल्लू होता तेव्हा तुम्हीच त्याला स्वेटरच्या आत घालून लिफ्टमधून वर आणलं होतं. चार दिवस त्याच्या पोटात नीट काही गेलेलं नाही. तुम्ही हात त्याच्या नाकाशी नेता. तो वास घेतो, तुमच्याकडे बघतो आणि मान वळवतो.

हात अजून खाली घेऊ नका. आता दुसरं कुणीतरी तुमच्या शेजारी येऊन बसतं, त्याच भांड्यातली पेज स्वतःच्या तळव्यावर घेतं, आणि तुमचा कुत्रा ती चाटायला लागतो.

काय वाटलं? जे वाटलं ते थोडा वेळ तसंच धरून ठेवा. दिल्लीत, द्वारकेतल्या एका सोसायटीच्या सातव्या मजल्यावर, दहा वर्षांच्या अहिल्येला जानेवारीतल्या एका सकाळी अगदी तेच वाटत होतं.

तिच्या कुत्र्याचं नाव गबरू. हे नाव सोसायटीच्या गेटवरच्या चौकीदाराने ठेवलं होतं, कारण पिल्लू असतानाही तो गेटवर छाती काढून बसायचा. रंग तांबूस, एक कान उभा, एक पडलेला. अहिल्या शाळेच्या बसमधून उतरली की सातव्या मजल्यावरून त्याला ते कळायचं. कसं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

आजारपण आलं ते संक्रांतीमुळे. अहिल्येच्या आईने, हेमलताने, हळदीकुंकू केलं होतं. द्वारकेतल्या झाडून सगळ्या मराठी बायका आल्या होत्या. प्रत्येकीच्या ताटलीत तुपाने माखलेली गुळपोळी होती, आणि गबरू प्रत्येकीसमोर जाऊन एक कान पाडून बसत होता. प्रत्येकीला वाटलं, आपण दिला तो तेवढा एकच तुकडा. दुसऱ्या दिवशी तो उलट्या करू लागला. पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग वर उचलून, तो पोट ताणून उभा राहायचा आणि कण्हायचा.

डॉक्टर गुलाटींनी तपासलं आणि स्वादुपिंडाला सूज आल्याचं सांगितलं. खाल्लेलं पचवणारा रस जिथे तयार होतो तो हा पोटातला भाग. दोन दिवस गबरू त्यांच्याकडे सलाईनवर होता. तिसऱ्या दिवशी त्याला घरी सोडलं, पण पुढच्या पायात सुई तशीच ठेवून वर निळी पट्टी गुंडाळली होती. रोज सकाळी सलाईनसाठी न्यायचं, दिवसातून दोनदा एक कडू पिवळी गोळी द्यायची, आणि दर दोन तासांनी थोडी थोडी पेज. डॉक्टरांनी बोट वर करून बजावलं होतं, "घी, तेल, मक्खन, कुछ नहीं. एक चम्मच भी नहीं." रविवारपर्यंत उलटी झाली नाही तर सुई काढू, ते म्हणाले. झाली तर पुन्हा भरती करावं लागेल, आणि मग मी भरवसा देऊ शकणार नाही.

आई केंद्र सरकारच्या नोकरीत होती, त्यामुळे घरातल्या कुठल्याही कामाला तिला तक्ता लागायचा. तिने रजा टाकली आणि फ्रिजवर कागद चिकटवला. वेळ, काय दिलं, किती दिलं. ज्याने दिलं त्याने आपल्या रंगाच्या पेनाने लिहायचं. आई निळ्या, अहिल्या लाल, अलकनंदा हिरव्या. जे कागदावर नाही ते झालंच नाही, असं आई म्हणायची, आणि बाबा हसायचे. पण बाबा तरी घरी होते कुठे? सूर्यकांतराव कोपर्निकस मार्गावरच्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात अधिकारी होते. सव्वीस जानेवारी जवळ आली की तिथे पाहुण्यांची रीघ लागायची.

ही अलकनंदा, घरात सगळ्यांची अलका, म्हणजे अहिल्येची मामेबहीण, बारा वर्षांची. ती फरीदाबादला राहायची. मामा-मामी आजीच्या ऑपरेशनसाठी नाशिकला गेले होते आणि थंडीमुळे शाळांची सुट्टी वाढली होती, म्हणून ती आत्याकडे राहायला आली होती. मुलगी शांत. पांघरुणाची घडी न सांगता घालायची. गबरूला ती त्याआधी दोनदाच भेटली होती, आणि दोन्ही वेळा सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती.

आईने कामं वाटून दिली. गोळी अहिल्येने द्यायची, कारण जबड्यात बोट घालायचं तर ते आपल्या माणसाचंच हवं. पेज अलकाने. तेव्हा अहिल्येला फार बरं वाटलं होतं. मोठं काम आपलं, सोपं काम तिचं.

दोन दिवसांत सगळं उलटं झालं. अहिल्या खोलीत शिरली की गबरू दात घट्ट मिटून तोंड गोधडीत खुपसायचा. अलका शिरली की त्याची शेपटी जमिनीवर आपटायची. ठक, ठक. अहिल्या अभ्यासाच्या टेबलाशी बसून ते मोजायची. एकदा सात वेळा झालं.

अलका त्याला 'गबऱ्या' म्हणायला लागली होती. कुणाला विचारून? शिवाय आई येता-जाता म्हणायची, "अलकाच्या हाताला गुण आहे हो." फोनवर बाबांना तेच. समोरच्या काकूंना तेच, हिंदीत. गबरूला थंडी वाजू नये म्हणून अलकाने सुचवलं, आणि आईने अहिल्येचा जुना निळा स्वेटर त्याच्या अंगावर घातला. त्याच स्वेटरमधून तो या घरात आला होता. हे फक्त अहिल्येला माहीत होतं आणि तिने ते कुणाला सांगितलं नाही.

त्या सकाळी, म्हणजे शुक्रवारी, पेज चाटून झाल्यावर अलका हात पुसत म्हणाली, "अगं, तू गोळी देतेस ना, म्हणून तो तुझ्या हाताला घाबरतो. गोळ्या संपल्या की होईल नीट."

"तुला बरं माहीत, यार," अहिल्या म्हणाली. "तुमच्याकडे तर मासेसुद्धा पाळलेले नाहीत."

 अलका फ्रिजपाशी गेली आणि हिरव्या पेनाने 'सहा चमचे' असं लिहून आली. तिचं अक्षरही चांगलं होतं.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. एखाद्याने आपल्याशी वाईट वागून आपली जागा घेतली, तर त्याच्यावर रागावता येतं. चांगलं वागून घेतली, तर तो राग कुठे ठेवायचा तेच कळत नाही. मग तो आतल्या आत फिरत राहतो आणि हळूहळू शहाण्यासारखा बोलायला लागतो. अहिल्येचा राग तसाच बोलू लागला. तो म्हणाला, हे पांढरं पाणी पिऊन कोण बरं झालंय? तुला गेल्या वर्षी ताप आला तेव्हा आईने काय दिलं होतं? मऊ भात, मेतकूट आणि वर साजूक तूप. मराठी घरात आजारी माणसाला हेच देतात. डॉक्टर गुलाटी पंजाबी. त्यांना मऊ भात काय माहीत?

डॉक्टरांचं वर केलेलं बोट अहिल्येला आठवत होतं. अगदी स्पष्ट आठवत होतं. पण ते बोट पुरी-पराठ्यांसाठी होतं, मऊ भातासाठी नव्हतं, असं तिने स्वतःला सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

दुपारी धुकं विरून बाल्कनीत ऊन आलं. गबरूची गोधडी तिथे सरकवली होती. एक वाजता अलकाने पेज दिली, कागदावर लिहिलं आणि आंघोळीला गेली. आई पिवळ्या गोळ्यांचं नवं पाकीट आणायला खाली उतरली. स्वयंपाकघरात दुपारचा भात अजून गरम होता.

अहिल्येने वाटीत भात घेतला, पाणी घालून मऊ केला, मेतकूट भुरभुरवलं. तुपाचा डबा उघडला. एक चमचा घातला. भाताच्या वाफेत तूप वितळलं आणि तो वास आला, तापातून उठल्यावर पहिल्यांदा भूक लागते तेव्हाचा. तिने आणखी एक चमचा घातला.

बाल्कनीत ती गुडघ्यांवर बसली आणि हात पुढे केला. तसाच, जसा तुम्ही केला होतात.

गबरूने वास घेतला. पडलेला कान हलला. मग मान उचलून तो खाऊ लागला, अधाशासारखा, तिचा तळवा, बोटं, बोटांच्या मधल्या जागासुद्धा चाटत. आणि शेपटी. ठक, ठक, ठक. अहिल्या मोजत होती. अकरा.

अकरा म्हणजे सातापेक्षा चार जास्त. तिने त्याच्या डोक्यावर ओठ टेकले. वाटी घासली, पुसली, जागेवर ठेवली. बाथरूममधून अलका बाहेर आली तेव्हा अहिल्या टेबलाशी भूगोलाचं पुस्तक उघडून बसली होती. लाल पेन कंपासपेटीत होतं.

पावणेतीन वाजता गबरू कण्हला.

आई धावत गेली. त्याने गोधडीवर उलटी केली होती, आणि पुन्हा तो तसाच उभा होता, पुढचे पाय टेकलेले, मागचा भाग वर. पाय थरथरत होते. थोड्या वेळाने दुसरी उलटी झाली, नुसतं पिवळं पाणी. मग तो कोसळल्यासारखा आडवा झाला.

आईने फ्रिजवरचा कागद पाहिला. एक वाजता, पेज, सहा चमचे, हिरव्या अक्षरात. त्यानंतर काही नाही. तिने अलकाला विचारलं, रागाने नव्हे, पण ऑफिसात विचारतात तसं. पेज कुठल्या भांड्यातली होती? त्यात आणखी काही पडलं होतं का?  अलकाने आठवून आठवून सगळं सांगितलं. पातेलं तेच, चमचा तोच. मग तिला पेजेची वाटी आठवली.

"आत्या, ती वाटी मी फक्त विसळली होती," ती म्हणाली. "आधी त्यात काही तुपातलं असेल. मला घासायला हवी होती. माझंच चुकलं."

 आई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली की मुद्दाम कुणी करत नाही, पण आजाऱ्याच्या बाबतीत इतकं सैल राहून चालत नाही. अलकाने मान हलवली. माझ्या बाबांना नाशिकला फोन करून मला उद्याच न्यायला सांगा, असं ती अगदी हळू म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन बॅगेत कपडे भरू लागली. घड्या मात्र घालत होती.

अहिल्या बाल्कनीच्या दारात उभी होती. दोन दिवस तिला जे हवं होतं ते आता होणार होतं. उद्या अलका जाणार. गबऱ्या पुन्हा गबरू होणार. त्यासाठी तिला काहीच करायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं.

आईने डॉक्टरांना फोन लावला आणि हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकर चालू केला. ती गोधडी बदलत होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, त्याने काय खाल्लं? आईने हिंदीत सांगितलं, नुसती पेज, दुसरं काही नाही, फार तर वाटीला लागलेलं तूप. 

"इतने से नहीं होना चाहिए," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं की नुसत्या पेजेवरही असं होत असेल तर आपलं औषध लागू पडलेलं नाही. दुखणं वाटलं त्याहून खोल आहे. आत्ताच घेऊन या, सगळे उपचार बदलावे लागतील, तेही जड औषधं देऊन. त्याला ती झेपतील की नाही, सांगता येत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. नक्की दुसरं काही खाल्लं नाही ना?

"नहीं," आई म्हणाली. "मेरे पास सब लिखा हुआ है."

त्याच वेळी गबरूने मान उचलली. त्याला ती पेलत नव्हती. तरी तो गोधडीवरून हात-दीड हात सरपटत आला, अहिल्येच्या पायाशी पोचला. ती खाली बसली, तेव्हा तिच्या बोटांना नाक लावून त्याने ती चाटली. हात धुतले तरी बोटांना तुपाचा वास होता. शेपटी एकदा जमिनीवर आपटली.

ठक.

आई फोनवर म्हणत होती की निघतोच आम्ही, अर्ध्या तासात पोचतो. आतल्या खोलीत बॅगेची चेन लागल्याचा आवाज आला.

अहिल्येने आपली बोटं हळूच सोडवून घेतली. ती टेबलाशी गेली, कंपासपेटीतून लाल पेन काढलं आणि फ्रिजसमोर उभी राहिली. एक वाजताच्या हिरव्या ओळीखाली तिने लिहिलं: 'दीड वाजता. मऊ भात, एक वाटी. मेतकूट. दोन चमचे तूप.' अक्षर वाकडंतिकडं आलं. खाली तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, नुसता लाल रंग पुरला असता तरी.

मग तिने कागद फ्रिजवरून काढला, बाल्कनीत जाऊन आईच्या डोळ्यांसमोर धरला, आणि तिला वाचायलाही वेळ न देता फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "डॉक्टर अंकल, फोन मत रखिए."