थोरलीने पेरणी अडवली

ते २००९ साल होतं. किसुमूकडच्या सरोवराकाठी लुओ जमातीच्या गावांत सुंता करायची रीत कधीच नव्हती. एड्स रोखायचा म्हणून तिथे सुंतेसाठी दवाखान्याचे तंबू लागायला लागून वर्षही झालं नव्हतं. त्यांत तरुण पोरं जात. ओग्वेनोसारखा सुना-नातवंडांचा धनी तिथे गेला तो अबोन्योमुळे, म्हणजे त्याच्या थोरल्या बायकोमुळे.

अबोन्योची पाठची बहीण गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने गेली होती. शेवटचे महिने तिचं सगळं अबोन्योनेच केलं. तो वास तिच्या नाकातून कधी गेलाच नाही. तंबूतल्या नर्सबाईंनी सांगितलं, की नवऱ्याची सुंता झाली तर या रोगाचे जंतू बायकोपर्यंत कमी पोचतात. एड्सपासून बाईला थेट राखण नाही, पण बाकीची बरीच दुखणी टळतात. तेव्हापासून तिने नवऱ्याचा पिच्छा सोडला नाही.

"या वयात कापून घेऊन दाखवायचंय कुणाला?" होडीला डांबर लावता लावता तो म्हणाला.

"मला," ती म्हणाली.

अखेर कोरड्या दिवसांत तो जाऊन आला. नर्सबाईंनी दोघांना समोर बसवून बजावलं, की सहा आठवडे जवळ यायचं नाही. जखम वरून सुकलेली दिसते, पण आतून कच्ची असते, आणि घाई केली तर बाईलाच जास्त भोगावं लागतं. पेरणीला तेव्हा पुष्कळ अवकाश होता.

पण पाऊस त्या वर्षी लवकर आला.

लुओ घरात पेरणी उघडते ती थोरली. आदल्या रात्री धनी तिच्याकडे निजतो, सकाळी ती पहिलं बी टाकते. मग तसंच धाकटीच्या घरी, आणि त्यानंतर मुलगे-सुना. क्रम मोडला तर घराला शाप लागतो, माणसं झिजून मरतात, हे तिथे लेकरालाही ठाऊक असतं. शेजारच्या रानांत मक्याचे कोंब दिसू लागले, तरी ओग्वेनोची जमीन तशीच पडून राहिली.

"आई, आमचं बी उंदीर खातायत," मोठी सून अपोंडी म्हणाली. "यंदा पोरांना उपाशी ठेवायचं ठरवलंय का तुम्ही?"

ओग्वेनोनेही जखम भरल्याचं सांगून टाकलं. बायकोला तो माहेरच्या गावावरून हाक मारी. "सेमेचे लेकी, माझं अंग मला कळतं की त्या नर्सला? उद्या उघडू पेरणी."

अबोन्योने विचार केला, आपलं आता किती राहिलंय, आणि नातवंडांची तोंडं किती आहेत. तिने माळ्यावरची बियाण्याची टोपली खाली काढली.

दुपारी ती काठावर मासळी वाळत घालत होती. धाकटी, आदोयो, अंगावरचं पोर पाठीशी बांधून आली. तिचं रान उताराचं, माती वाहून जात होती, त्यामुळे पेरणीची घाई तिलाच जास्त, असं सगळे समजत. ती खाली बसून मासे उलटे करू लागली.

"मिकायी," ती म्हणाली. थोरलीला धाकटीने याच मानाने हाक मारायची. "उद्या तुम्ही उघडलीत की परवा ते माझ्या दारात. मला नाही म्हणता येणार नाही, आणि हे अजून पितंय. मला काही लागलं तर यालाही लागेल."

"मग मी काय करू?"

"तुम्ही उघडू नका. तोवर माझ्याकडे यायची त्यांची छाती होणार नाही."

अबोन्योचे हात थांबले. इतकी वर्षं थोरलेपण तिने मान म्हणूनच मिरवलं होतं. या बाईच्या दाराची कडीही आपल्याच हातात आहे, हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले, तेव्हा ती म्हणाली, "पेरणी मी अडवलीय. नर्सबाई यांना मोकळं करतील तेव्हा उघडेन. शिव्या घालायच्या त्या मला घाला." आदोयोचं नाव तिने घेतलं नाही.

"म्हातारपणी नवऱ्यावर पहारा?" ओग्वेनो म्हणाला.

"माझ्या बहिणीच्या नवऱ्यावर कुणी ठेवला असता, तर ती आज असती."

त्याने ताट सरकवलं. पण दुसरं दार त्याला उघडं नव्हतं.

पेरणी उशिरा झाली. मका गुडघ्याएवढाच राहिला, ज्वारीने कसंबसं तारलं. अपोंडी सुगीपर्यंत सासूशी बोलली नाही, आणि खायला पुरेना म्हणून आपली लहान दोन पोरं तिने माहेरी नेऊन ठेवली.

पुढे काही वर्षांनी ओग्वेनो वादळात होडीसकट गेला. आदोयो किसुमूच्या बाजारात मासळी विकते. तिचं ते पाठीवरचं पोर आता तिच्याहून उंच झालंय. अपोंडीनेही नवऱ्याला तंबूत धाडलं, पण सुगी आटोपल्या आटोपल्या, पुढची पेरणी लांब असताना. अबोन्यो कमरेत वाकलीय. गर्भाशयाच्या कॅन्सरची तिची तपासणी दरवेळी स्वच्छ निघते. ते सुंतेमुळेच, असं नर्सबाई काही म्हणत नाहीत. बाजारातून येताना आदोयो तिच्यासाठी मऊ मासा आणते आणि काटे काढून देते.