मिठाच्या पाण्याची बादली

एकाच आठवड्यात चौघंजण तापाने फणफणून दवाखान्यात पडले, आणि चौघांच्याही घरी या दोघी जावांच्या कारखान्यातलं चीज निघालं, तेव्हा थोरलीची नजर आधी गेली ती धाकटीवर.

का जाणार नाही? वर्षानुवर्षांचा गवळी असताना नव्याचंही दूध हिनेच सुरू केलं होतं. विक्री बंद झाली, तपासनीस बाई नमुने घेऊन गेल्या, आणि थोरली पाळतीवर राहिली. दुधाच्या कॅनचं झाकण उघडून हुंगायचं, धाकटीची नखं निरखायची, दाराच्या फटीतून बघायचं.

"आला का काही वास?" धाकटीने एकदा मागे न वळताच विचारलं.

"मी कुठे काय म्हटलं?"

"म्हणत नाही तुम्ही, जाऊबाई. नुसत्या बघता. पाठीला भोक पडेल माझ्या."

नव्या दुधाच्या चीजचे गोल थोरलीने पहिल्यापासूनच शेजारच्या खोलीत टाकले होते, त्यांना बोटही लावलं नव्हतं. जुन्या दुधाचे मात्र ती रोज पुसायची, सासूबाईंनी शिकवलं तसंच. मिठाच्या पाण्यात फडकं बुडवून आधी मुरलेला गोल पुसायचा, मग तेच फडकं कोवळ्यावर फिरवायचं, म्हणजे जुन्याचा रंग नव्यावर चढतो. बादली कधी रिकामी करायची नाही, पाणी कमी झालं की नुसती भर घालायची.

त्यातलीच एक फोड ती वरच्या खोलीत लेकीला पाठवायची. लेक पोटुशी, तोंडाला चव नाही. हा आजार पोटातल्या बाळालाही सोडत नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. थोरलीला गुडघ्यांमुळे जिना चढवत नसे, म्हणून ताटली धाकटीच्या हाती. "सांग तिला, जुन्या दुधाचं आहे, निर्धास्त खा."

तपासनीस बाई परत आल्या. "दूध दोन्हीकडचं चांगलं. शेजारच्या खोलीतले गोलही चांगले. जंतू सापडलेत ते या बादलीत, आणि हिच्या पाण्याने पुसलेल्या गोलांवर."

"अहो, मिठाचं पाणी आहे ते. त्यात काय जगणार?"

"हा जंतू जगतो. एका गोलावर असला, की तुमचं फडकं तो सगळ्यांना वाटत जातं."

कठडा धरधरून थोरली जिना चढली. लेक खिडकीशी पाय पसरून बसली होती.

"चीज... रोजचं खाल्लंस ना?"

"कुठलं चीज? डॉक्टरांनी बंद केलंय म्हणाली काकू. ती तर उकडलेला बटाटा आणते रोज."

थोरली लेकीशेजारी जमिनीवर टेकली. मागोमाग आलेली धाकटी दारात उभी होती.

"तुमची नजर माझ्या कॅनवर, माझी तुमच्या बादलीवर," ती हळूच म्हणाली. "खात्री नव्हती. आणि सासूबाईंच्या फडक्याला नावं ठेवली असती, तर ऐकलं असतंत?"

थोरलीने लेकीच्या पोटावरून हात फिरवला.

"नसतं," ती म्हणाली. "चल, खाली. ती बादली आत्ताच्या आत्ता ओतून टाकते."

"तशीच नको, जाऊबाई. आधी ब्लीच घालू द्या त्यात."

"बरं," थोरली म्हणाली, आणि उठण्यासाठी तिने धाकटीपुढे हात केला.