दहातून एक बोंबील

सरकारने दशांश अपूर्णांक शिकवण्यासाठी तारापूरच्या अलीकडच्या एका किनाऱ्यावरील शाळेला लाकडी सामानाची पेटी पाठवली, आणि हेडमास्तर एकनाथ गुरुजींनी ती मुलांपासून वाचवली.

पेटीत एक चौकट होती, चौकटीत बसणाऱ्या दहा पट्ट्या होत्या आणि शंभर ठोकळे होते. मुलांनी हे सगळे हाताळावे, दहा पट्ट्या चौकटीत बसवाव्यात आणि दहा दशांश मिळून एक होतो हे आपल्या हातांनी शिकावे, अशी योजना. योजना करणाऱ्याने हेडमास्तर पाहिला नसावा. ठोकळे शंभर, मुले चौतीस आणि डेडस्टॉक रजिस्टरवर सही एकट्या गुरुजींची. शंभरातून एक हरवला तर नव्याण्णव उरतात, इतके गणित गुरुजींना येत होते. त्यांनी पेटीला कुलूप लावले, पेटी कपाटात ठेवली आणि कपाटालाही कुलूप लावले. चार वर्षांत एक ठोकळा इकडचा तिकडे झाला नाही. दशांशही झाला नाही, पण त्याची रजिस्टरमध्ये नोंद नसते.

चौथीच्या वर्गावर सुगंधाबाई होत्या. मूळच्या कराडकडच्या, माळकरी घरातल्या. नवरा शिवाजी अणुवीज केंद्राच्या बांधकामावर फिटर, म्हणून त्या या मुलखात. वर्षभर त्यांची नोकरी हंगामी होती. सहासष्ट सालच्या फेब्रुवारीत दिपोटी साहेब तपासणीला येणार होते. त्यांनी शेऱ्यात ‘समाधानकारक’ लिहिले तर बाई कायम, नाही लिहिले तर जूनपासून घरी. एका शब्दावर संसार टांगला होता, आणि तो शब्द साहेबांच्या खिशातल्या पेनात होता.

“गुरुजी, दशांश शिकवायचेत. पेटी द्याल?” बाईंनी विचारले.

“बाई, ते शैक्षणिक साधन आहे,” गुरुजी म्हणाले. “वापरलं की झिजतं.”

बाईंनी वर्गातच विचारले, “दहा-दहाच्या हिशेबात घरी काय असतं रे?”

“बोंबील!” पहिल्या बाकावरची हंसा म्हणाली. तिच्या आईची बोंबील सुकवायची वलांडी, म्हणजे बांबूंना बांधलेल्या आडव्या दोऱ्यांची रांग, शाळेच्या कुंपणालाच लागून होती. “किती पायजेत, बाई?”

दुसऱ्या दिवशी वर्गात दोरी बांधली गेली आणि तिच्यावर दहा बोंबील आले. ही दोरी म्हणजे एक. हा एक बोंबील म्हणजे एक दशांश. माळकरी बाई पदर नाकाला लावून हे लांबून, फूटपट्टीने दाखवीत. हात लावण्याचे काम मुलांचे. “काढ गं काही,” बाई म्हणत. मूल जाऊन काढी, बाई मोजून फळ्यावर लिहीत: एक वजा शून्य पूर्णांक दोन, बरोबर शून्य पूर्णांक आठ. पंधरा दिवसांत वर्ग तयार झाला. जिवल्या नावाचा मुलगा, ज्याने पाढे कधी आठाच्या पुढे नेले नव्हते, तोसुद्धा टिंब नेमके जागेवर देऊ लागला.

त्या पंधरा दिवसांत फळ्यावर शून्य पूर्णांक दोन आले, चार आले, सहा आले, आठ आले. एक, तीन, पाच, सात कधी आले नाहीत. हे बाईंच्या लक्षात आले नाही. मुलांच्या लक्षात यायचे कारणच नव्हते.

दिपोटी नागोराव साहेब पुण्याला दशमान पद्धतीचे तीन आठवड्यांचे प्रशिक्षण घेऊन आले होते. तेव्हापासून ते चहाही ‘अर्धा’ मागत नसत, ‘शून्य पूर्णांक पाच कप’ मागत. आल्या आल्या त्यांनी विचारले, “पेटी कुठंय?”

कपाटाचे कुलूप किल्लीने उघडले. पेटीचे खाऱ्या हवेने जाम झाले होते. त्यावर रॉकेल ओतले, मग दगड घातला. आत सगळे होते तसे होते, फक्त झुरळांची त्यात भर पडली होती. साहेबांनी चौकट टेबलावर मांडली आणि बाह्या सरसावून पट्ट्या बसवायला घेतल्या. नऊ बसल्या. दहावी बसेना. समुद्राची हवा खाऊन लाकूड फुगले होते. साहेबांनी ती उलटी केली, आडवी केली, तळव्याने ठोकली.

“नऊच मावतात जनू,” जिवल्या म्हणाला.

“गप!” गुरुजी ओरडले.

“समजा, दहावी बसली,” साहेब वर्गाला म्हणाले. प्रशिक्षणाचा उपयोग असा ऐनवेळी होतो. मग त्यांना वास आला. “हे काय लोंबतंय?”

“साधन आहे, साहेब,” बाई म्हणाल्या. “पेटी मिळत नव्हती.”

गुरुजी खोकले. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि रुमालातूनच हंसाला फर्मावले, “ए मुली, ऊठ. यातला एक दशांश काढ.”

हंसा जागची हलली नाही. “एकटा नाय काढत, साहेब.”

“का?”

आता साहेबांना काय सांगणार? बोंबील एकटा टांगता येत नाही. दोघांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. त्या किनाऱ्यावर चालता येण्याआधी पोराला हे येते.

“बरं, नको काढूस,” साहेब म्हणाले. “तोंडी सांग. दहातून एक काढला. दोरीवर किती?”

“आट.”

“नीट ऐक. दहातून, एक.”

“आट, साहेब.”

“नऊ!” साहेबांचा रुमाल खाली आला. “बाई, हे शिकवलंत? चौथीच्या पोरीला दहातून एक जात नाही, आणि तुम्ही दशांश घेऊन बसलात?” एवढे बोलून ते स्वतः दोरीपाशी गेले, दोन बोटांत एक बोंबील धरला आणि ओढला. पलीकडचा सुटला तो थेट टेबलावरच्या चौकटीत पडला. दहाव्या पट्टीची जागा रिकामी होती, तिथे तो फार छान बसला.

वर्ग हसला. एकटी हंसा हसली नाही. तिने दोरीकडे बोट केले. “मोजा आता.”

बाईंनी मोजले. पंधरा दिवसांची फळ्यावरची दोन, चार, सहा, आठ त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. उत्तर त्यांच्या ओठांवर होते: साहेब, एक तुम्ही काढलात, एक पडला, दोन दशांश गेले, आठ राहिले, मुलगी बरोबर आहे. सांगायला दोन श्वास पुरले असते.

साहेबांनी खिशातून पेन काढले. “पडलेला हिशेबात धरत नाहीत,” ते म्हणाले. “मला शेरा लिहायचाय, बाई. तुमच्या वर्गाचं उत्तर आठ आहे की नऊ?”

पेनाचे टोपण निघाले.

“हंसा,” बाई म्हणाल्या, “नऊ म्हण.”

“पन बाई, दोरीवर आट हायत!”

“नऊ म्हण, बाळ.”

हंसाने बाईंकडे पाहिले, साहेबांकडे पाहिले, पेनाकडे पाहिले. “नऊ,” ती म्हणाली. ताडी पिऊन आलेल्या मामाला जशी ती होय, होय म्हणत असे, त्या सुरात.

साहेबांनी लिहिले: अध्यापन समाधानकारक. साधनांची निगा उत्कृष्ट. या शाळेस आणखी एक पेटी द्यावी. निघताना गुरुजींनी सुक्या बोंबलांचा पुडा हातात ठेवला, तेव्हा साहेबांना वास आला नाही. तो त्यांनी मोजूनही घेतला नाही.

एप्रिलमध्ये बाईंचा कायमचा हुकूम आला. शिवाजीने बोईसरहून पेढे आणले, बाईंनी ते वर्गात वाटले. मग त्यांनी दोरीवर दहा बोंबील टाकायला लावले, पदर खोचला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने एक बोंबील धरून ओढला. दुसरा त्यांच्या पायाशी पडला.

“हंसा, सांग. किती राहिले?”

हंसाने तोंडातला पेढा गिळला. दाराबाहेर कोणी उभे आहे का, ते पाहिले.

“कोनासाठी सांगू, बाई?” तिने विचारले.