बंदी घातलेल्या पठाराचा फाळ

मी एक फाळ बोलतोय. नांगराचा लोखंडी फाळ. टोकियोतल्या एका खासगी संग्रहालयात काचेच्या पेटीत पडून आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म ग्रीक बोलणाऱ्या क्रीट बेटावरचा. लोहारानं ठोकून माझं टोक काढलं आणि मला मानोलिसच्या हाती दिलं. मानोलिस लसिथीच्या पठारावरचा शेतकरी. चहूबाजूंनी डोंगर आणि मधे परातीसारखी सपाट, मऊ जमीन. नांगरणी सुरू व्हायच्या दिवशी त्याची बायको अनेझिना मला तेलाच्या फडक्यानं पुसायची. तेवढाच माझा सण.

तेव्हा बेटावर राज्य व्हेनिसचं. व्हेनिस म्हणजे इटलीतलं व्यापाऱ्यांचं शहर. त्यांचा सुभेदार बंदरावर राहायचा. एक गेला की दुसरा यायचा, पण आमच्या भाषेतलं 'नाही' एकालाही कळायचं नाही. गहू त्यांना हवा. किल्ल्याच्या भिंती बांधायला आमची माणसं हवीत, जहाजांची वल्ही मारायला आमचीच पोरं हवीत. आमचे बिशपसुद्धा त्यांनी हाकलून दिले.

शेवटी लोक उठले. बंड मोडलं गेलं. मग त्या हुशार कारभाऱ्यांनी हिशेब मांडला: बंडखोर या डोंगरांत लपतात, त्यांना हे पठार पोसतं, तर पठारच मारून टाका. गावं पाडली. फळझाडं तोडली. जो इथे नांगर धरेल, गुरं चारेल, त्याचा पाय तोडला जाईल, अशी दवंडी पिटली.

माणसाला शिक्षा देतात हे मला माहीत होतं. जमिनीला शिक्षा देणारे मी पहिल्यांदाच पाहिले.

मानोलिसनं ऐकलं नाही. डोंगराच्या कडेला त्यानं एक पट्टा नांगरला. गहू वीतभर वर आला आणि शिपाई आले. पुढचं सगळं मी पाहिलं. त्याला ओट्यावर निजवून अनेझिना परत आली, तिनं मला नांगरापासून उपटलं आणि त्याच पट्ट्यात पुरलं. मी पुन्हा सापडलो असतो तर त्याचा दुसराही पाय गेला असता.

शंभरेक वर्षं ते पठार ओसाड राहिलं. मग व्हेनिसलाच गहू कमी पडला, तेव्हा कुठे बंदी उठली. स्वतःचं पोट ओरडल्यावर त्यांना आमची जमीन आठवली!

मी मात्र मातीतच होतो. फार पुढे कुणाच्या तरी ट्रॅक्टरला अडकून वर आलो, जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलो, तिथून एका जपानी जहाजमालकाच्या संग्रहात, आणि आता इथे, व्हेनिसच्या वैभवाच्या प्रदर्शनात. माझ्याखाली पाटी लावली: 'शेतीचं अवजार. व्हेनिसच्या सुव्यवस्थित कारभारात बेटावरची शेती भरभराटीला आली.'

भरभराट! माझ्या अंगावर गंज आहे तो या भरभराटीचा.

शनिवार-रविवारी दीप्ती इथे पाहुण्यांना इंग्रजीतून माहिती सांगायची. ती टोकियोतल्याच निशी-कसाई भागात राहते. नवरा अनुराग पुण्याहून आयटीच्या कामासाठी आलेला, मुलगा पार्थ इथल्याच शाळेत. घरी बसून कंटाळली म्हणून तिनं हे आरुबाइतो धरलं, म्हणजे अर्धवेळ काम. पाटीवरचंच ती हसून सांगायची. तिचाही मला भयंकर राग यायचा.

एका शनिवारी एक म्हातारी आली. तिनं पाटी वाचली आणि काचेवर फाडकन हात मारला. दीप्ती धावत आली.

"मॅडम, प्लीज, काचेला हात नको."

"मी लसिथीची आहे," म्हातारी मोडक्या इंग्रजीत कडाडली. "इथे मुलाकडे आलेय. आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे हे. नांगर धरला तर पाय तोडायचे आमचे! आणि तू हे हसून सांगतेस?"

दीप्तीचा चेहरा उतरला. तेवढ्यात व्यवस्थापक मोरितासान आले, कमरेत वाकून त्यांनी माफी मागितली आणि म्हातारीला अदबीनं लिफ्टपर्यंत पोचवलं.

"मोरितासान, ही पाटी बदलायला हवी," दीप्ती म्हणाली.

"मजकूर प्राध्यापकांनी तपासलाय, दीप्तीसान. तुम्ही ठरलंय तेवढंच सांगा."

दुपारी माझ्याच पेटीजवळ उभी राहून तिनं मोबाइलवर लसिथीचा सगळा इतिहास वाचून काढला आणि अनुरागला फोन लावला. "मान्य आहे, शेकडो वर्षांपूर्वीचं आहे. आपण पाहुणे आहोत, तेही मान्य. पण खोटं माझ्या तोंडून बाहेर पडतंय ना, अनुराग!"

त्यानंतर निशी-कसाईतली चार-पाच मराठी कुटुंबं आली, त्यांच्यात पार्थही होता. माझ्यापाशी येऊन दीप्ती थांबली. हसली नाही. तिनं सरळ मराठीत सगळं सांगितलं: पाडलेली गावं, तोडलेली झाडं, पाय.

"होन्तो?" पार्थनं जपानीत विचारलं. खरंच?

"खरंच."

"मग पाटीवर का नाही लिहिलं?" शेजारच्या गीताताईंनी विचारलं.

"कारण हे प्रदर्शन व्हेनिस किती सुंदर होतं ते दाखवायला मांडलंय."

मोरितासान दारात उभे होते. त्यांना मराठी येत नव्हती, पण लोकांचे चेहरे वाचता येत होते. 'पुढच्या आठवड्यापासून आपण त्रास घेऊ नये,' असं तिला फार नम्रपणे कळवण्यात आलं.

आणि माझी पाटी बदलली. आता तिच्यावर लिहिलंय: 'लोखंडी अवजार. क्रीट.'

खोटं काढलं आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही! बोट दाखवायला जागाच उरू नये, अशी ही सफाई. त्या आधीच्या पाटीपेक्षा हिचा मला जास्त राग येतो.

पुढच्या रविवारी दीप्ती तिकीट काढून आली. सोबत पार्थ आणि ओळखीच्या आणखी काही जणी. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात बोलायला लागली. पहारेकऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"ही कुजबुजत सांगायची गोष्ट नाही," ती त्याला जपानीत म्हणाली, आणि मग त्यालाही जपानीत सगळं सांगितलं. त्यानं ओठांवरचं बोट खाली घेतलं. वाकून बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला.

मला दया नको. माझा गंज काढून मला चमकवूही नका. कधी या बाजूला आलात तर पाटी वाचून पुढे सरकू नका. याला मातीत कुणी पुरलं, कुणाच्या भीतीनं पुरलं, हे इथल्या संग्रहालयवाल्यांना विचारा. आणि कुणी गप्प बसा म्हणालं, तर आवाज आणखी चढवा.