थोरल्यांचा सिनेमा

दिग्दर्शकाने हार्डडिस्क टेबलावर ठेवली आणि तळहात पँटला पुसले.

"आधीचा संकलक काम सोडून गेला," तो म्हणाला. "सिनेमा कुणाचा आहे ते ऐकलं असेलच तुम्ही, ताई."

ताईने ऐकलं होतं. ज्यांच्या परवानगीशिवाय ट्रकतळावर एक पोतं खाली उतरत नसे, ते थोरले स्वतःच्या आयुष्यावर सिनेमा काढत होते, आणि त्यात स्वतःची भूमिकाही स्वतःच करत होते. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना थोरलेच म्हणत. दिग्दर्शक बिचारा साबणाच्या जाहिराती करणारा. त्याला कुणी विचारलं नव्हतं, फक्त कळवलं होतं. आता ताई नाही म्हणणार आणि ते आपल्याला वर जाऊन सांगावं लागणार, या विचाराने तो घामाघूम झाला होता.

"ठेवून जा," ताई म्हणाली.

संध्याकाळी तिने हे घरी सांगितलं तेव्हा आईने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "त्याचं तोंड बघत बसणार तू दिवसभर?"

"तेच बघायचंय मला."

काही वर्षांपूर्वी ताईचा धाकटा भाऊ थोरल्यांची गाडी चालवायचा. नकला करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. शाळेत हेडमास्तर, गल्लीत वाणी, घरात आत्या, कुणी सुटलं नाही. थोरल्यांकडच्या एका मेजवानीत मंडळींनी आग्रह केला आणि त्याने थोरल्यांची चाल करून दाखवली. पोट पुढे, हात मागे, दर चार पावलांनी विजार वर ओढायची. सगळे हसले. थोरलेही हसले, त्याला मिठीत घेऊन कलाकार म्हणाले. पुढच्याच आठवड्यात दगडाच्या खाणीत गाडी सापडली, आत तो. गाडी चालवताना डोळा लागला, असं पोलिसांनी लिहून घेतलं. थोरल्यांचा अंगरक्षक हार घेऊन घरी आला होता. जाताना उंबऱ्यात थांबून तो आईला हळूच म्हणाला, "मोठ्या माणसाची नक्कल करू नये हो कुणी." त्यानंतर या घरात कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. विचारून उपयोगही नव्हता. दोघी मूग गिळून बसल्या.

ताई कामाला लागली. पडद्यावर थोरले पांढऱ्या सुटात उभे राहून म्हणत, "या शहरात दोनच गोष्टी चालतात. एक घड्याळ, आणि दुसरा माझा शब्द." म्हणून झालं की चोरट्या नजरेने कॅमेऱ्याच्या बाजूला बघत, बरं जमलं ना म्हणून. आधीच्या संकलकाने ती नजर इमानाने कापली होती. ताईने ती परत जोडली. पाठलागात थोरल्यांची खरीच माणसं पळत होती. एकाची चप्पल सुटली, दुसरा धापा टाकत खांबाला टेकला, तिसरा चुकीच्या गल्लीत शिरला. आधी हे सगळं संथ होतं, गंभीर संगीतात बुडवलेलं. ताईने संगीत काढलं आणि सिनेमाला असा वेग दिला की धमकी संपते न संपते तोच फजिती दारात उभी राहावी. तिने बाहेरचं काहीच आत घातलं नाही. जे होतं ते सगळं थोरल्यांचंच होतं.

भाऊ म्हणायचा, हसू यायच्या आधी माणसाला श्वास घ्यायला जागा ठेवावी लागते, ताई. ती प्रत्येक ठिकाणी तेवढी जागा ठेवत गेली. मात्र संकलनाच्या खोलीत ती स्वतः एकदाही हसली नाही. त्या चेहऱ्यावरची शीर न् शीर तिला पाठ झाली. तो चेहरा समोर आला की ती आणखी नेमकं कापे.

दिग्दर्शकाने सिनेमा पाहिला, खुर्चीतून पडेपर्यंत हसला आणि मग पांढराफटक पडला. "हे थोरल्यांना दाखवायचं?"

"त्यांच्यासाठीच केलंय."

छोट्या थिएटरात सकाळी खेळ लावला. मधल्या खुर्चीत थोरले, आजूबाजूला त्यांची माणसं, आणि परगावहून आलेला एक वितरक, ज्याला इथल्या भीतीची सवय नव्हती. ताई मागच्या रांगेत बसली. निघताना ती आईच्या पाया पडून आली होती. पहिली पंधरा-वीस मिनिटं कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही. मग पडद्यावर थोरले गच्चीवरून शत्रूला आव्हान देऊन ऐटीत वळले, आणि गच्चीचं दार आतून लागलेलं. दार वाजवत ते आपल्याच माणसांना हाका मारू लागले. वितरक खो-खो हसत सुटला. त्याचं हसू ऐकून अंगरक्षकाचे खांदे हलायला लागले. त्याने तोंडात रुमाल कोंबला.

दिवे लागले. थोरले सावकाश वळले. वितरक डोळे पुसत म्हणाला, "मला वाटलं, रडवणार तुम्ही. इतकं हसवणारा नट मी अजून बघितला नाही."

थोरल्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या माणसांकडे. कुणाची मान वर नव्हती.

"मग काय," ते म्हणाले, "मुद्दामच केलंय तसं."

परवानगी मिळाल्यासारखे सगळे हसले. ताईच्या गळ्यात हार घालायला लावला त्यांनी. घरी येऊन तिने तो दाराबाहेर टाकला आणि अंगावर पाणी ओतत राहिली. सुरा खुपसावा आणि समोरच्याने तो दागिना म्हणून मिरवावा, तसं तिला झालं होतं. पुढे सिनेमा तुफान चालला, तेव्हा तर लोक त्या माणसावर प्रेम करायला लागले. ताईला वाटे, हात दाखवून अवलक्षण करून घेतलं आपण.

पण ट्रकतळावर वेगळंच सुरू झालं होतं. थोरले एका ड्रायव्हरवर खेकसले तर तो पोट धरून म्हणाला, "ते घड्याळाचं म्हणा ना एकदा." थोरल्यांनी त्याच्या कानाखाली वाजवली. पण बघणारे हसतच राहिले, कारण मारल्यावर थोरल्यांनी सवयीने, अगदी सिनेमातल्यासारखीच, विजार वर ओढली होती. मग एकाने परवानगीशिवाय माल उतरवला. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी साऱ्यांनीच उतरवला. थोरल्यांची माणसं धमकी द्यायला जात आणि सिनेमातली चप्पल सापडली का, असं ऐकून परत येत. एकेक करून ती पांगली. अंगरक्षक कापडाच्या दुकानात दारावर उभा राहू लागला.

एका दुपारी थोरले एकटेच जिना चढून ताईच्या खोलीत आले. खुर्ची दिली नाही तरी बसले.

"तुम्हीच केलंत ना हे?"

"हो."

"का?"

या प्रश्नाचं उत्तर तिने इतकी वर्षं रोज घोटलं होतं. प्रत्यक्षात आवाज साधाच आला. "माझा भाऊ तुमची गाडी चालवायचा. मेजवानीत त्यानं तुमची नक्कल केली. तुम्ही त्याला खाणीत टाकलंत."

थोरल्यांनी कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. "तो उंच? निळ्या गाडीवरचा?"

"नाही."

"मग नाही आठवत," ते म्हणाले. "दोघं-तिघं होते तसे."

ताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. खोटं बोलताना तो चेहरा कसा होतो, हे साऱ्या जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तो आत्ता खोटं बोलत नव्हता.

थोरले थोडं पुढे सरकले. "ते हसणं कमी करता येईल का? थोडंसं कापून?"

"नाही. आता ते माझ्या हातात नाही."

ते उठले आणि कठडा धरून खाली गेले. रस्त्यावर कुणीतरी त्यांना पाहून हसलं. ताई खिडकीपाशी गेली नाही.

ती लवकर घरी आली. आई ओसरीवर मटार सोलत बसली होती. ताईने चपला काढता काढता सांगितलं, की तो आला होता, एकटाच, आणि त्याला तोंडावर सगळं सांगितलं. आईचे हात थांबले.

"आठवला का गं त्याला?"

"आठवला," ताई म्हणाली. "नाव घेतलं त्याचं. मान खाली घातली."

आईने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग तिने ताईला बसायला जागा केली आणि शेंगांची परात दोघींच्या मधे सरकवली.